वाकड्या शेपटीची चिमनी

हे बगा, आदी पैज लावू. ह्या गोष्टीच्या शेवटाला एक मानूस दोनशे रुपये देतो. कोन देतो आन कशाचे देतो, ते आत्ताच सांगा. सांगितलं तर आजचा चहा माज्याकडून. न्हाई सांगता यायचं! मी तर तिथं हुबा व्हतो, मला बी आलं न्हवतं.

रंगाच्या डब्याच्या कडेला रंग वाळून बसतो बगा, लालावर निळा, निळ्यावर पिवळा. तसे हे किस्से साचतेत. चाळीस वर्सं पाट्या रंगवल्या. आता डबा रिकामा झाला, कड तेवढी जाड झाली. तीच खरवडत बसतो.

*

गेवराईत जुन्या स्टँडामागं आमची पत्र्याची तीन शेडं व्हती. एकात वैजिनाथ आप्पा, एकात रज्जाक आन एकात मी, किसन पेंटर.

मी दुसरीतून शाळा सोडली. मला लिवता येत न्हाई, मी अक्षर काढतो. बैलाचं चित्र काढावं तसं! गिऱ्हाइकानं चिठ्ठी दिली की मी आप्पाकडं पळायचो. आप्पा खडूनं अक्षरं काढून द्यायचा. मी ती तेलकट कागदावर उतरवायचो, रेघंवर सुईनं भोकं पाडायचो. कागद पत्र्याला लावला, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली, की पत्र्यावर आप्पाचं अक्षर तयार! मग नुसता ब्रश फिरवायचा.

असं करता करता माज्या ट्रंकेत सगळी बाराखडी गोळा झाली. वाचता एक येत न्हवतं, पन भोकं सगळ्याची व्हती.

रज्जाक म्हनायचा, "क्या बे किसन्या, तुजी अक्कल सुईच्या भोकातून येती!"

*

आता आप्पाचं अक्षर. वरची रेघ एका दमात, आन खाली असं वळण की चालतं मानूस थांबावं. दुकानात काय इकत्यात ते मागून बगायचं, पाटी आदी बगायचं!

पन तुमी म्हनाल, आप्पानं ते आनलं कुठून? त्यानं बी उचललंच व्हतं!

तलवाड्याला आप्पा एक पाटी रंगवायला गेलता. बाजारचा दिवस. पाटी राह्यली बाजूला, आन हा दिवसभर एका जिलेबीवाल्याच्या कढईपाशी बसला. जिलेबीवाला कावला. "घ्यायची हाय का नुसती बगायचीच हाय?"

आप्पा म्हनला, "बगायचीच हाय. तुमचा हात कुठं वळतो आन कुठं थांबतो, तेवढं बगतो."

दुसऱ्या दिवसापासून आप्पाचं अक्षर बदललं. गोल, टपोरं, रसानं भरल्यावानी. आठ दिवसांनी तो परत तलवाड्याला गेला आन जिलेबीवाल्याची गाडी फुकट रंगवून दिली.

जिलेबीवाला म्हनला, "मी कुठं सांगितलतं रंगवायला?"

"तुमचं काय तरी नेलंय मी. त्याचं म्हनून."

जिलेबीवाल्यानं बिचाऱ्यानं घरी जाऊन आदी झारे मोजले आसतील!

*

रज्जाकची तऱ्हा येगळी. त्याला वाचता येत व्हतं, पन दम न्हवता. तलवाड्याचा एक खतवाला त्याला म्हनला, "आप्पानं गेवराईच्या खताच्या दुकानाला केली ना पाटी, तशीच पायजे. तंतोतंत!"

रज्जाकनं तंतोतंत केली. दुकानाचं नाव तेवढं बदललं. बाकी रंग तोच, कनीस तेच, खाली फोन नंबर बी तोच!

दोन म्हैने तलवाड्याचे शेतकरी पाटी बगून फोन लावायचे आन खताच्या गोन्या गेवराईहून टेम्पोनं यायच्या. गेवराईचा मालक आप्पाला पेढे घेऊन आला. "आप्पा, पाटी हाय का जादू हाय!" तलवाड्याचा मालक रज्जाककडं काठी घेऊन आला.

रज्जाक शेडाच्या पत्र्यावर चढून वरडत व्हता, "तूच म्हनला ना शेट, तंतोतंत!"

*

माजं त्याच्या वरताण. आप्पा पाटीवर सही करत न्हवता. कोपऱ्यात बोटाएवढी चिमनी काढायचा. ती त्याची सही, हे सगळ्या गेवराईला म्हाईत. मला सोडून!

मला वाटायचं, अक्षराबरोबर चिमनी येतच आसती. मी तिचा बी कागद केला, भोकं पाडली, आन तीन वर्सं माज्या पाटीपाटीवर चिमनी बसवली.

एक दिवस आप्पा एस्टीनं गावोगाव फिरून आला. आला तो सरळ माज्या शेडात. "किसन्या, मी झोपंत काम करतो का बे? ज्या गावाला मी गेलोच न्हाई तिथं माजी चिमनी कशी?"

मी म्हनलं, "आप्पा, मला वाटलं ती बाराखडीतलीच हाय."

आप्पा खाली बसला. हसून हसून डोळ्याला पानी आलं त्याच्या. मी म्हनलं आता कागद फाडायला लावतो. त्यानं माजी चिमनी हातात धरली, उजेडात बगितली. सुई सरकली व्हती, तिचं शेपूट वाकडं झालतं.

"राहू दे," म्हनला. "वाकड्या शेपटीची तुजी, सरळ शेपटीची माजी. आता झोपंतलं काम मला वळखू येईल."

*

मी गप बसनारा न्हाई, तुमाला म्हाईत हाय. एकदा रज्जाकला थाप मारली. "अंबाजोगाईला नवी फ्याशन आली बे. पाटीच्या वर उजव्या कोपऱ्यात लाल ठिपका देतेत. गिऱ्हाईक तुटून पडतंय."

रज्जाकनं दुसऱ्या दिवशी ठिपका दिला. त्याचं बगून शेजारच्या दुकानदारानं मागितला. म्हैन्यात निम्म्या गेवराईच्या कपाळाला ठिपका! मी आन आप्पा चहा पीत मोजायचो.

वर्सानं मी अंबाजोगाईला गेलतो. बगतो तर तिथं बी ठिपके! एका पेंटरला इचारलं, "हे कावून रे दादा?"

तो माज्याकडं गावंढळ बगावं तसं बगून म्हनला, "मामा, गेवराईची फ्याशन हाय. तिकडं गिऱ्हाईक तुटून पडतंय म्हनं."

*

आप्पाला एकच लेक, मंगल. लहानपनी शेडात बसून रंगाच्या डब्याची झाकनं लावायची. शिवनकाम शिकली. म्हनायची, "आप्पा, मी दुकान टाकीन तवा पाटी तुमच्या हातची पायजे. दुसऱ्या कोनाची लावनार न्हाई."

आप्पानं तवाच एक पत्रा कापून आनला. घासला, पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले आन शेडाच्या मागं भितीला टेकवून ठिवला. मंगलचं लगीन झालं, पोरं झाली, नवरा वारला, ती परत माहेरी आली. पत्रा तिथंच. दर दिवाळीला आप्पा त्याला नवा पांढरा हात मारायचा. त्याच्यावर लिवून घ्यायला आलेल्या दहा गिऱ्हाइकाला त्यानं परत लावलं.

"तो बुक हाय," म्हनायचा.

*

मग फ्लेक्स आला. सचिनशेटनं हायवेला मशीन टाकली. तासाभरात पाटी, वर मालकाचा फोटो, मागं हिमालय! आमचं काम उतरलं, पन आप्पाचं टिकून व्हतं. सचिनशेटच्या काचंपाशी लोक हुबं राहून म्हनायचे, "फोटो झकास हाय हो, पन अक्षर आप्पासारखं न्हाई का?"

एक दिवस सचिनशेट माज्या शेडात आला. सोबत चहा, क्रीमरोल. "मामा, तुमच्याकडं ते भोकाचे कागद हायेत म्हनं. नुसते स्कॅन करून परत देतो."

मी म्हनलं, "मला काय भेटल?"

"काय पायजे?"

आता माजी अक्कल बगा. मी म्हनलं, "मला वाढदिवसाचा फ्लेक्स पायजे. मोठा. गॉगल लावलेला. चौकात!"

माजा वाढदिवस मला म्हाईत न्हाई, त्यानंच एक तारीख ठरवली. दिली ट्रंक. आख्खी. चिमनीच्या कागदासकट.

चार दिवस मी चौकात झळकलो. खाली शुभेच्छा देनाऱ्याची पन्नास नावं, त्यातलं एक बी मला वळखत न्हवतं. आप्पा येऊन बगून गेला. म्हनला, "किसन्या, बेस दिसतोस. मेल्यावर हाच वापरू!"

पाचव्या दिवशी कोनीतरी फ्लेक्स काढून नेला. रज्जाकनं येऊन सांगितलं, "तुज्या तोंडाखाली दोन शेळ्या बांधल्यात बे. निवांत हायेत."

मी ट्रंकेचं कोनाला बोललो न्हाई. रज्जाकला न्हाई, आप्पाला तर न्हाईच.

*

दोन म्हैन्यात आख्खा तालुका आप्पाच्या अक्षरात बोलायला लागला. वाढदिवस, लग्नं, दहावे, कपबशीचे सेल! आन आप्पाच्या शेडात कोनी येईना. गिऱ्हाईक रस्त्यानं जाता जाता वरडायचं, "आप्पा, तुमचंच अक्षर तिकडं तासाभरात भेटतंय की!"

आप्पा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नंबर टाकायला लागला. हॉटेलाच्या माठावर "पिण्याचे पाणी" लिवायला लागला. त्या माठावर बी खाली सरळ शेपटीची चिमनी काढायचा.

मी एकदा मुद्दाम खाजवून काढलं. "आप्पा, त्या मशीनला तुमचं अक्षर आलं कसं आसंल हो?"

आप्पा म्हनला, "बगून घेतलं आसंल. मी बी बगूनच घेतलं व्हतं की." मग ब्रश पुसत म्हनला, "पन मी गाडी रंगवून दिली व्हती."

मी हो म्हनलं. तंबाखू मळत बसलो. मळून मळून तिचा भुगा झाला.

त्या साली रज्जाकनं शेड इकलं. औरंगाबादला लेकाकडं गेला, तिथंच वारला. आता हसायला दोघंच राह्यलो, आन त्यातला एक मी.

*

एका सकाळी आप्पाच्या हातातून ब्रश पडला. उचलला, परत पडला. मी म्हनलं, "काय आप्पा, सकाळी सकाळी चढवली का काय?" आप्पा बोलायला गेला तर तोंड एका बाजूला गेलतं.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात वीस दिवस ठिवलं. जीव राह्यला. उजवा हात गेला. तसा हाय, पन अंगाला लटकवल्यावानी.

मंगलनं त्याच वर्सी दुकान टाकलं. दुसरा इलाज न्हवता, घरात आता तीच कमवनार. आप्पा डाव्या हातानं त्या पत्र्यावर खडू घेऊन बसला. चार दिवस बसला. काढायचा आन पुसायचा. पाचव्या दिवशी माज्याकडं बगून म्हनला, "किसन्या, तुजे ते कागद आन. तू ब्रश फिरव, मी बगतो."

सचिनशेटनं ट्रंक परत दिलीच न्हवती. मी म्हनलं, "उंदरानं खाल्ले हो आप्पा."

आप्पानं खडू खाली ठिवला. मग म्हनला, "चल मग. मशीनवर."

*

गेलो तिघं. आप्पा, मंगल आन मी. फ्लेक्सचं दुकान नुकतंच उघडलं व्हतं, उदबत्ती पेटलेली. सचिनशेट न्हवता. काँप्युटरवर एक बाई व्हती, परगावची, नवी ठिवलेली.

मंगल म्हनली, "ताई, शिवनकामाच्या दुकानाची पाटी पायजे. ह्या मापाची." माप त्या पत्र्याचं व्हतं.

बाईनं अक्षरं दाखवली. पैलं, दुसरं, तिसरं. आप्पा मान हलवीना. मग आलं आप्पाचं अक्षर. स्क्रीनभर, लखलखीत. मंगलचं नाव त्याच्यात. आप्पानं मान हलवली.

बाई म्हनली, "बाबा, नजर चांगली हाय तुमची! हा चिमनी फॉन्ट. आमचा स्पेशल हाय, ह्याचे दोनशे जास्ती पडतेत."

मंगल म्हनली, "आप्पा, साधंच घ्या की."

आप्पा सावकाश म्हनला, एकेक शब्द उचलत, "न्हाई. माज्या हातची पायजे म्हनली व्हतीस ना?"

बाईनं कायतरी दाबलं आन कोपऱ्यात चिमनी आली. "ही फ्री येती हो ह्याच्यासंगं," म्हनली.

आप्पा खाली वाकला. स्क्रीनला नाक लागंल एवढा वाकला. शेपटाकडं बगितलं. मग वळून माज्याकडं बगितलं.

मी पैसे काढायला खिशात हात घातला. आप्पानं मान हलवली, न्हाई म्हनून. डाव्या हातानं शर्टाच्या खिशातून अक्षराचे म्हनून शंभराच्या दोन नोटा काढल्या आन पुढं केल्या.

बाईनं हात मागं घेतला. हसून म्हनली, "बाबा, सकाळची बोहनी हाय. उजव्या हातानं द्या की."

मंगल बोलनार व्हती, आप्पानं डोळ्यानंच थांबवली. डाव्या हातानं उजवा हात उचलला. काउंटरवर ठिवला. बोटं एकेक करून उघडली, त्यात दोन्ही नोटा ठिवल्या, बोटं परत मिटवली, आन तो हात बाईकडं सरकवला.

"घ्या," म्हनला.