उताणी चालणारी अळी

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बी.एस्सी. झाले, एम.एस्सी. झाले आणि आता भुंगेऱ्यांवर संशोधन करते. कुणी विचारलं तर हे मी सरळ सांगते. वडील मात्र बरीच वर्षं लोकांना 'पोरगी पुण्याला शिकते' एवढंच सांगायचे. काय शिकते, असा पुढचा प्रश्न आला की म्हशीला पाणी पाजायचं राहिलंय हे त्यांना नेमकं आठवायचं.

माझं काम शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या शेणात, शेणखतात राहणाऱ्या भुंगेऱ्यांचं. माळावर पडलेला शेणाचा एक पो उलटून बघा, आत केवढी वस्ती असते. एक भुंगेरा शेणाची गोळी करून मागच्या पायांनी ढकलत नेतो. दुसरा तिथंच बीळ पाडून शेण खाली ओढतो. तिसरा शेणातच संसार थाटतो. माझा भाऊ रांजणगावला कंपनीत आहे. सुट्टीच्या दिवशी तो मला गाडीवरून माळावर सोडायचा आणि म्हणायचा, "लोकं बहिणीला बाजारला नेत्यात, मी शेण बघायला नेतोय."

आमच्या गोठ्यामागचा उकिरडाही माझ्या अभ्यासात होता. वर्षभर जेव्हा घरी येईन तेव्हा त्याचा एक कोपरा उकरून कोणत्या अळ्या आहेत, केवढ्या झाल्यात, ते मी बघत होते. त्यातून भुंगेरे बाहेर पडले की माझं एक मोठं काम पुरं होणार होतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तर उसाच्या लावणीची तयारी चालली होती. शेतात घालायचं म्हणून चुलत्यांनी, म्हणजे आप्पांनी, उकिरडा खणायला घेतला आणि पहिल्याच फावड्याला पांढऱ्या, बोटाएवढ्या जाड अळ्या निघाल्या. आप्पा जागच्या जागी थांबले. आदल्या साली हुमणीनं आमचा उसाचा एक तुकडा खाल्ला होता. मुळंच शिल्लक नसल्यानं बेटं नुसती हातानं उपटून यायची. हुमणी म्हणजे भुंगेऱ्याचीच अळी, आणि उकिरड्यातली अळी दिसायला अगदी तशीच.

"सगळ्या ढिगात औषध कालवा," आप्पांनी वडिलांना सांगितलं. "आन् मगच खत रानात जाऊ द्या."

वडील थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर जाणारे नाहीत. ते औषधाची पिशवी आणायला वळले. औषध पडलं असतं तर माझ्या अळ्या मेल्या असत्याच, पण खतातली गांडुळं आणि बाकीचा जीवही गेला असता.

"आप्पा, थांबा जरा," मी म्हणाले. "ही हुमणी नाही."

"न्हाई? मग काय पेढं हायत?"

शेजारचे मामा बांधावर तंबाखू मळत होते, ते खो खो हसले. म्हणाले, "पोरगी शिकून वकील झाली की, आप्पा. किड्यांची."

मला राग आला, पण रागानं अळी ओळखता येत नाही. मी म्हणाले, "आप्पा, माझ्या शब्दावर जाऊ नका. उसातली हुमणी आणते. ही आणि ती शेजारी ठेवू. मग ठरवा."

खोडव्यातलं, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसातलं, एक वाळकं बेट उपटून मी त्याखालच्या अळ्या आणल्या आणि ओट्याच्या शहाबादी फरशीवर ठेवल्या. त्या अंगाचा आकडा करून कुशीवर पडल्या आणि पाय झाडत राहिल्या. त्यांच्याशेजारी उकिरड्यातल्या ओंजळभर ठेवल्या. त्याही तशाच आकडा करून पडल्या. हलेचनात.

"दमल्या वाटतं तुझ्या," आप्पा म्हणाले.

आई चुलीपासून उठून दारात आली होती. मग उकिरड्यातल्या अळ्यांतली एक सरळ झाली, पाठीवर उलटली आणि पाय आभाळाकडं करून पाठीच्याच बळावर सरसर निघाली. तिच्या मागं दुसरी, तिसरी.

"आयला, उताणी चालली की," मामा म्हणाले. तंबाखू त्यांच्या तळव्यावर तशीच राहिली.

"ही फुलावरच्या भुंगेऱ्याची अळी," मी सांगितलं. "कुजकं शेण खाते. ही जिथं असते तिथलं खत चहाच्या पुडीसारखं भुसभुशीत होतं. उसाच्या मुळाला ही तोंड लावत नाही."

पण उकिरड्यातलीच एक अळी उलटली नाही. ती कुशीवर पडून पाय झाडत होती. बाकीच्यांचं लक्ष पळणाऱ्या अळ्यांकडं होतं, ती कुणाला दिसलीही नसती. मी ती उचलली, भिंगातून तिच्या शेवटच्या वळीवरचे केस बघितले; हुमणीत त्यांची ठेवण वेगळी असते.

"आप्पा, ही मात्र हुमणी आहे."

वडिलांनी माझ्याकडं असं बघितलं, की हे बोलायची काय गरज होती.

"म्हंजी हाय की," आप्पा म्हणाले.

"हाय. ढिगाच्या बुडाला माती लागलीय, तिथली असणार. वरचं खत खुशाल घाला. बुडाचं उन्हात पसरा, मी एकेक अळी निवडून देते."

आप्पांनी ती अळी माझ्या हातून घेऊन उसातल्या हुमणीशेजारी ठेवली. मग वडिलांना म्हणाले, "पिशवी ठिवा माघारी. स्वतःच्या इरोधातलं पण सांगतीय ती. तिचं ऐकू."

आई, मी आणि वडील, तिघांनी ऊन चढेपर्यंत बुडाचं खत चाळलं. आप्पा मधेच येऊन एखादी अळी फरशीवर सोडायचे आणि ती उताणी पळाली की स्वतःच उचलून ढिगात नेऊन ठेवायचे. ढिगाचा एक कोपरा माझ्यासाठी राखला, त्यातून पुढं भुंगेरे निघाले आणि माझं काम पुरं झालं. बाकीचं खत औषधाशिवाय रानात गेलं. पदवीच्या दिवशी वाटला नव्हता एवढा अभिमान मला त्या उकिरड्यापाशी वाटला, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

परवा मी प्रयोगशाळेत असताना आप्पांचा फोन आला. ते यवतला शेती औषधांच्या दुकानात होते. "हितं एक पावणं उकिरड्यात टाकायला औषध न्यायला आल्यात," ते म्हणाले. "मी म्हणलं, आधी आमच्या पोरीशी बोला. ती भुंगेऱ्यांचं शिकलीय."

फोन अनोळखी माणसाच्या हातात गेला. "नमस्कार मॅडम," तो म्हणाला.

मी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "अळी घरी आहे ना? ओट्याला फरशी आहे का तुमच्या?"