कॉम्प्युटर आतच राहील

आमच्या घरी सीडी प्लेअर आला त्या आठवड्यात मी त्याच्यासाठी क्रोशाचं कव्हर विणलं. पांढरं, कडेनं निळी वेल. मापं घेण्यापुरता तेवढा मला त्याला हात लावू दिला होता. पुढची वीसेक वर्षं ते कव्हर मी धुतलं, वाळवलं, इस्त्री करून पुन्हा घातलं, पण त्या यंत्राचं बटण एकदाही दाबलं नाही. माझे हात कुणी बांधले नव्हते. ‘तुला नाही जमायचं, सीडीला ओरखडे पडतील,’ हे यजमानांचं एवढं एक वाक्य पुरलं.

जुनं भांडण उकरून काढायचं म्हणून मी हे लिहीत नाही. म्हणजे थोडं त्यासाठीही लिहिते आहे.

पाथरीला आमचं खता-बियाण्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागे घर. पुढे बैठक, तिच्यामागे एक खोली, त्या खोलीला लागून स्वयंपाकघर. माझे यजमान गाण्याचे खरे दर्दी. गझल, कव्वाली, ठुमरी, सगळं त्यांना लागतं. हैदराबादला, संभाजीनगरला मालाच्या कामाला गेले की पिशवीतून सीड्या घेऊन यायचे. प्रत्येक सीडीवर नंबराची चिठ्ठी, आणि कुठल्या नंबरात काय आहे याची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. सीडी दोन बोटांनी कडेला धरायची, उजेडात तिरकी करून बघायची, मऊ फडक्यानं मधून बाहेर पुसायची. हे सगळं ते इतक्या हळुवारपणे करत की बघणाऱ्याला कौतुक वाटावं. मलाही वाटायचं.

रविवारी दुपारी दुकान बंद असलं की शेजारचे गुरुजी येत. हायस्कुलातून निवृत्त झालेले, गाण्यातलं कळणारे. मग बैठकीचं दार लोटलं जाई आणि दोघं तीन-तीन तास ऐकत बसत. मी भिंतीच्या अलीकडे. भिंत जुनी, दीड हात रुंद. गाणाऱ्याचा आवाज त्या भिंतीतून येत नसे, शब्द तर नाहीच. यायचा फक्त तबल्याचा घुमारा. माझ्या घरातल्या गझलांमधून माझ्या वाट्याला डग्गा तेवढा आला.

एकदा चहा घेऊन गेले आणि गाणं संपेपर्यंत दारातच थांबले. यांनी मागे वळून पाहिलं, आवाज कमी केला आणि विचारलं, “काही पायजे का?” रागानं नाही, अगदी नीट विचारलं. मी “न्हाई” म्हणून आत आले. रागावले असते तर मी विसरले असते, पण तो नीट विचारलेला प्रश्न मला अजून टोचतो.

कॉम्प्युटर आला तो दुकानातून टाकून दिलेला. बिलं करायला तिथे नवीन घेतला आणि जुना मुलाच्या अभ्यासाला घरी आणला. बैठकीत तो शोभत नाही म्हणून मागच्या खोलीत, पापडांच्या डब्यांशेजारी टेबल टाकून त्याची स्थापना झाली. मुलगा शिकला, नोकरीला पुण्याला गेला, आणि कॉम्प्युटर तिथंच राहिला. त्याच्यावर धूळ बसायची, मी ती पुसायची. एका दिवाळीत मुलगा म्हणाला, “आई, तू वापर की. हे माईकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं, गाणं येतं.” मग त्यानंच ते दाबलं आणि म्हणाला, “सांग, काय लावू?”

मला उत्तरच येईना. त्याला वाटलं मी लाजतेय. मला खरोखर माहीत नव्हतं मला काय ऐकायला आवडतं ते. उभ्या आयुष्यात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

शेवटी मी म्हणाले, “कानडी भजन.” माझं माहेर चारठाण्याचं, पण आई बिदरकडची. सकाळी लिंगपूजा झाली, कपाळाला भस्म लावलं, की ती भाकरी थापताना एक कानडी भजन गुणगुणायची. आम्हा भावंडांना कानडी आलं नाही, तिनं शिकवलंही नाही. मुलगा हसला, पण बोलला माईकमध्ये. आलं ते भजन आईचं नव्हतं, दुसरंच होतं, चाल मात्र तिच्याच वळणाची होती. मी पिठाच्या डब्यावर टेकले. मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त आला.

त्यानंतर मी रोज ऐकू लागले. डाळ निवडताना, शेंगा फोडताना, कपड्यांच्या घड्या घालताना. कानडी भजनं झाली, मग सनई, मग यांच्याच गझला. ज्यांचा नुसता डग्गा ओळखीचा होता त्या गझला मी पहिल्यांदा पुऱ्या ऐकल्या. काही तर मला मुळीच आवडल्या नाहीत, हेही सांगून टाकते.

कॉम्प्युटरचा आवाज चांगला नाही, हे मला मान्य आहे. मुलानं ठेवलेले दोन मुठीएवढे स्पीकर, त्यांतून तंबोरा म्हणजे डास आल्यासारखा. आळाप रंगात आला की मध्येच फरशीची जाहिरात. नेट गेलं की गाणारा तोंड उघडं ठेवून थांबतो. गुरुजी एकदा दारातून ऐकून म्हणाले, “वहिनी, कॉम्प्युटरचं गाणं म्हणजे पावडरचं दूध.” ज्यांच्या घरी रोज म्हशीचं दूध येतं त्यांनी म्हणावं. मला माझ्या खोलीत कुकरची शिट्टी झाली की गाणं थांबवता येत होतं आणि परत येऊन तिथूनच सुरू करता येत होतं. एखादी ओळ आवडली तर आठ वेळा ऐकता येत होती. ओरखडे पडतील म्हणायला कुणी नव्हतं.

“त्या डबड्यात काय ऐकायलीस दिवसभर?” हे विचारायचे.

“मला आवडतं ते,” मी म्हणायची.

या हिवाळ्यात सीडी प्लेअर अडकायला लागला. गाणारा एकाच शब्दावर येऊन तो शब्द टकटक करत बसायचा. यांनी सीड्या पुसल्या, कापसाच्या बोळ्यानं आतली काच पुसली. शेवटी प्लेअर टॉवेलात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन परभणीला गेले. तिथला दुरुस्तीवाला म्हणाला, आतली लेन्स गेली, आता ती मिळत नाही, मोबाईलचं काही असेल तर आणा. नव्या प्लेअरची चौकशी केली तर दुकानदार हसला. संध्याकाळी ते परत आले तेव्हा टॉवेलातलं ते गाठोडं त्यांनी बैठकीत ठेवलं आणि न जेवता पडून राहिले. मला वाईट वाटलं. त्यांच्यासाठी खरोखर वाईट वाटलं. मोबाईलवर ऐकून बघितलं त्यांनी, पण दोन मिनिटांत वैतागून बंद केलं.

दोन रविवार बैठक शांत होती. तिसऱ्या रविवारी दुपारी मी कणीक मळत होते, तर मागच्या खोलीत सामान सरकवल्याचा आवाज आला. जाऊन बघते तो हे टेबलाखाली वाकून वायरी उपसत होते आणि गुरुजींनी स्क्रीन दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

“काय करायलात?” मी विचारलं.

“बैठकीत न्यायचाय,” हे टेबलाखालून म्हणाले. “मोठ्या स्पीकरला जोडू. सगळी गाणी मिळतेत म्हणं ह्याच्यात.”

गुरुजी माझ्याकडे बघून हसले. “वहिनी, तुमची बी सोय झाली. आता मोठ्या आवाजात ऐकायला मिळंल.”

कुठून मिळेल ते त्यांनी सांगितलं नाही, पण मला माहीत होतं. भिंतीच्या अलीकडून. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, दोघांच्याही नव्हतं. त्यांना ते सरळच वाटत होतं आणि म्हणूनच माझं डोकं तडकलं. कणकेनं भरलेला हात मी कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवला.

“हा हालणार न्हाई,” मी म्हणाले.

“अगं, लय जड न्हाई ते. आमी दोघं हावोत की.”

“जड म्हणून न्हाई म्हणायले मी. हा हितंच राहणार. ज्याला ऐकायचंय त्यानं आत यावं.”

हे टेबलाखालून बाहेर आले. गुडघे झटकत उभे राहिले. “आलेली माणसं काय पापडाच्या डब्यात बसत्येत का?”

“बसतील. मी बसते की.”

“कशाला हट्ट करायलीस? तुला कधी न्हाई म्हणलंय का ऐकायला?”

“न्हाई म्हणला न्हाईत,” मी म्हणाले. “‘ये’ बी म्हणला न्हाईत.”

गुरुजींनी स्क्रीन हळूच टेबलावर ठेवला. काहीतरी काम आठवल्यासारखं करून ते घरी गेले. हे बैठकीत जाऊन बसले. मी सुटलेल्या वायरी बघितल्या, कुठली कुठं होती ते आठवून एकेक खोचली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा स्क्रीन उजळला. मग जाऊन कणीक मळून पूर्ण केली.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर बैठकीत काहीतरी ओढल्याचा आवाज आला. हे एकेक मोठा स्पीकर उचलून आणत होते. मागच्या खोलीच्या दारात येऊन थांबले आणि डब्यांकडे बघत म्हणाले, “हे कुठं ठिवू?” मी डबे सरकवून जागा करून दिली. थोड्या वेळानं गुरुजी आले. आत बसायला पहिल्यांदाच येत होते, त्यामुळे चप्पल कुठे काढावी इथपासून गोंधळले. मग गव्हाच्या पोत्यावर बसले. हे स्टुलावर. खुर्ची एकच होती, कॉम्प्युटरसमोरची, आणि तिच्यावर मी बसले होते.

“एखादी ठुमरी लाव,” हे म्हणाले.

मी माईकचं चित्र दाबलं आणि कानडी भजन मागितलं.

मोठ्या स्पीकरमधून ते आलं तेव्हा मला कळलं की त्यात मागे टाळ वाजतात आणि बायकांचा एक आख्खा घोळका गातो. मुठीएवढ्या स्पीकरांनी ते मला कधी सांगितलंच नव्हतं. या बाबतीत यांचं खरं होतं, मी मनातल्या मनात कबूल केलं. आवाज हवाच.

“अर्थ काय म्हणायचा याचा?” गुरुजींनी विचारलं.

“मला बी कळत न्हाई.”

“मग?”

“आवडतं मला.”

गुरुजींनी मान हलवली आणि डोळे मिटले. हे भिंतीकडे बघत होते, त्याच भिंतीकडे, पण या बाजूनं. भजन लांबलचक होतं. संपलं तेव्हा यांनी घसा खाकरला.

“आता आमचं लावती का?”

“अजून एक आहे माझं,” मी म्हणाले, आणि ते लावलं. दोघं बसून राहिले.