माणिकबाईनं आवरलेला काठ

कुठं पसारा दिसला की माणिकबाईचा हात आपोआप झाडणीकडे जातो, मग तो पसारा कुणाच्या का घरातला असेना. सकाळी स्टँडवर झेंडू-शेवंतीचे हार विकायचे आणि दुपारी मोहल्ला आवरायचा, हा तिचा नेम. लेकाकडे अकोल्याला चार दिवस गेली, तर तिथल्या शेजारणीचं स्वयंपाकघर लावून आली. ती शेजारीण अजून जिरं शोधते आहे म्हणतात. नवरा किसनराव पेपर वाचतो तो दोन्ही हातांनी घट्ट धरून, कारण खाली ठेवला की गेला रद्दीत.

तर अशा बाईवर तळ्याचा काठ वाचवायची पाळी आली.

गाव अमरावतीहून मोर्शीकडे जाताना लागतं. एका अंगाला तळं, आणि तळ्यापासून माणिकबाईच्या मोहल्ल्यापर्यंत मोकळा काठ. मोहल्ल्यातली घरं टिनाची, गच्ची कुणालाच नाही. त्यामुळे उन्हाळ्यातल्या कुरोड्या-पापड काठावर, लग्नाचे मांडव काठावर, पोरांचं क्रिकेट काठावर. आणि सुनांचं मन मोकळं करायचं ठिकाणही तेच, कारण घरात बोललेलं सासूला ऐकू जातं.

यंदा नगरपंचायतीनं गावाच्या विकास आराखड्याचा कच्चा नकाशा भिंतीवर लावला. किसनराव पाहून आला तो तोंड पाडूनच.

"आपला काठ पिवळा दाखवला वं त्याईनं."

"मंग? पिवळा काय वाईट दिसते?"

"पिवळा म्हंजे प्लॉट. मोकळी जागा हिरवी रायते. हे असंच कायम झालं तं तळ्याच्या पाण्यापर्यंत बंगले येतीन, अन् आपण पाहू तारेच्या कुंपणातून."

हरकत घ्यायला महिनाभराची मुदत होती. माणिकबाईनं आठ दिवसांत घरोघर फिरून बासष्ट सह्या-अंगठे गोळा केले, आणि जाता-जाता तीन घरांतली मांडणीही पुसली. सुनावणी झाली. काठ खरंच लोकांच्या वापरात आहे का, ते पाहायला मंगळवारी दहा वाजता नगररचना खात्याच्या मॅडम येतील, असं कळलं.

येणार म्हटल्यावर झालं. सोमवारी सकाळी माणिकबाई घरोघर हुकूम सोडत निघाली. बकऱ्या मागं बांधा, वाळवणं उचला, पोरं घरात ठेवा. पलीकडची पार्बताबाई, वय पंच्याहत्तर, तेवढी अडली.

"माहे गहू तीन दिवसापासून भिजून रायले. उद्या कुरोड्याईचा चीक शिजवाचा हाये."

"परवा शिजव न, बुढे."

"परवापर्यंत आंबन तो. गहू का तुया मॅडमची वाट पाहीन?"

"एक दिवसाचा तं सवाल हाये. लोकं काय म्हणतीन, काठावर फाटके लुगडे आंथरले म्हणून?"

पार्बताबाई गव्हाचं पाणी बदलायला आत गेली. माणिकबाईनं तो होकार समजला.

मंगळवारी काठ असा चकाचक झाला, की तळ्यालाही लाजल्यासारखं व्हावं. झाडलं, सडा घातला, रांगोळी काढली. क्रिकेटच्या स्टंपाच्या विटासुद्धा फेकल्या. मधोमध दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि बाकी चिटपाखरू नाही.

वर्षाली मॅडम आल्या, तिशीतल्या, हातात फाइल. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "इथं कोणी येत नाही का?"

"कोण्णी नाही," माणिकबाई अभिमानानं म्हणाली. "आमी येऊच देत नाही जी."

किसनराव एवढा खोकला, की मॅडमनी त्याला पाणी देऊ केलं. मग त्या लिहू लागल्या. किसनरावानं मान लांबवून वाचलं आणि बायकोच्या कानाशी लागला. "'जागा रिकामी, वापर आढळला नाही.' तुनं काठ प्लॉटवाल्याईले झाडून देला वं."

माणिकबाईनं हातातली झाडणी पाठीमागं लपवली. "मॅडम, हे आमी आवरलं जी. रोज असं नसते."

"मावशी, मला जे दिसतं तेच लिहावं लागतं."

तेवढ्यात पार्बताबाई आली. डोक्यावर वाफाळत्या चिकाचं पातेलं, मागं सून सोऱ्या आणि लुगडं घेऊन. तिनं पहाटेच चूल पेटवली होती. थेट खुर्च्यांपाशी येऊन ती मॅडमला म्हणाली, "बाई, जराक बाजूले व्हा. हा थंडा झाला का मंग दाबल्या जात नाही. अन् तुमी माह्या जागेवर उभ्या हा."

"तुमची जागा?"

"मंग. हे पाहा न माहे दगड."

खुर्चीच्या पायाशी चार दगड जमिनीत अर्धे रुतलेले होते. लुगड्याची चार टोकं दाबायचे. पार्बताबाईच्या सासूनं ठेवलेले. मॅडम वाकल्या, मग दहा पावलं पुढं गेल्या. तिथंही चार, पुढंही चार. घरागणिक चार.

"हे बरे राहिले," मॅडम म्हणाल्या.

"निंघालेच नाही जी," माणिकबाई खरं बोलून गेली. "नाई तं तेही उचलले असते. सकाळी सब्बल लावून पाह्यली."

मॅडम हसल्या. मग माणिकबाई स्वतःच घराघरांच्या कड्या उघडत सुटली. पाव घंट्यात काठावर लुगडी आली, खाटा आल्या, बकऱ्या आल्या, आणि फेकलेल्या विटांवरून पोरांचं भांडणही आलं. मॅडमनी दगड मोजले, फोटो काढले, लिहिलेली ओळ खोडली. निघताना त्यांच्या बोटांना चीक लागलेला होता, कारण पार्बताबाईनं त्यांच्याही हाती सोऱ्या दिला होता.

पक्का नकाशा लागला तो दिवाळी झाल्यावर. तळ्याच्या पाण्यापासून मोहल्ल्यापर्यंतचा पट्टा हिरवा, बांधकामाला मनाई. किसनरावानं माणिकबाई आणि पार्बताबाई दोघींना नेऊन बोटानं दाखवला. परतताना दोघी काठावर टेकल्या.

पार्बताबाई चौफेर पाहत म्हणाली, "इथं तं गवताची काडी नाही. हिरवं कोठी झालं वं?"

"कागदावर झालं," माणिकबाई म्हणाली. "तेवढं पुरते."

"पुरते," पार्बताबाई म्हणाली, आणि पाय लांब करून बसली.