आईने न भिजवलेले पोहे

अश्दोदला आमच्या घरी मलिदा असला की पोहे आईच भिजवायची. एलियाहू हानावी या आम्हा ज्यूंच्या प्रेषिताचा नवस फेडायचा म्हणून गोड पोह्यांचं ताट. खोबरं, वेलची, वर फळं. त्यात दुसऱ्या कुणाचा हात तिला चालत नसे. त्या वर्षी मात्र ती लांब खुर्चीवर बसली आणि मला म्हणाली, "तू भिजव गो."

"काय, पोह्यांतनंपण रिटायर झालीस?" मी म्हटलं. सगळे हसले. आईसुद्धा.

पाळी चालू असलेल्या बाईने मलिद्याला शिवायचं नाही, ही आमच्या घरची कोकणातली रीत. मला ती ठाऊक होती. पण आईची पाळी जाऊन दहा वर्षं झालेली. मी घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट, इस्पितळाच्या पॅथॉलॉजीत नोकरीला, आणि समोर बसलेल्या आईचं मला कळलं नाही. रक्त दिसलं तेव्हा तिला वाटलं, गेलेली पाळी परत आली. असलं लेकीला काय सांगायचं? सांगितलं ते चार महिन्यांनी. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर. गर्भाशय काढून टाकलं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. तेव्हा आमच्या लॅबमध्ये अशा गाठींवर नवी तपासणी करून बघत होते. गाठीच्या ज्या भागाला प्राणवायू कमी पोचतो, तो रंगवल्यावर तपकिरी दिसतो. अशा गाठी चिवट असतात, रेडिएशनच्या किरणांनाही लवकर दाद देत नाहीत. आईने संमतीच्या कागदावर सही केली. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिची स्लाइड दुसरं कोणी रंगवील. आई म्हणाली, "माझी लेक करील. शिकवलीय कशाला?"

मी रंगवली. भिंगाखाली काचेवर तपकिरी बेटं दिसली. एक नाही, बरीच.

घरी आले तर आई दारातच. "बघितलीस?"

"बेसेदेर," मी हिब्रूत म्हटलं. म्हणजे ठीक आहे.

"खोटं बोलायचं झालं की हिब्रू येतं तुला. मराठीत सांग."

मग मराठीत सांगितलं. डाग आहेत, चिन्ह चांगलं नाही. पण ते पुष्कळ बायांचं मिळून सांगतं, एकीचं नेमकं नाही सांगू शकत. "मी चार महिने आधी विचारायला हवं होतं, आई."

"आणि मी सांगितलं असतं होय?" ती म्हणाली. मग, "रक्त थांबलं ना आता? कायमचं?"

"थांबलं."

"मग मलिदा करू."

"नवस तर बरं झाल्यावर फेडतात."

"बरी होईन का ते तुझ्या काचेला नाही माहीत, मला कुठनं असणार? हात तर लागतो ना आता ताटाला?"

किरणांचे फेरे सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात तिने पोहे भिजवले. मी नारळ खवायला पुढे झाले तर म्हणाली, "जाड खवतेस. सर बाजूला."

त्यानंतर तिने आणखी पाच मलिदे केले. सहाव्याला ती नव्हती; पोहे मी भिजवले.