चंदनाबाईंच्या घरातला मोकळा ससा

पुण्य करणाऱ्याला मान मिळतो. ते पुण्य घरी आणून निभावणाऱ्याच्या वाट्याला मात्र नुसते सल्ले येतात. राजारामपुरीतल्या चंदनाबाई मगदुमांना याचा अनुभव एका सशामुळे आला.

त्या शिरोळकडच्या जैन शेतकऱ्याची मुलगी. गावच्या पाठशाळेत, धर्माच्या परीक्षेत नेहमी पहिल्या. अशा मुलीला पुढे शिकवावे असे कुणाच्या मनात आले नाही. तिचे लग्न उरकावे, हे मात्र सर्वांच्या एकाच वेळी मनात आले. पती बापूसो यांचे कोल्हापुरात भांड्यांचे दुकान होते. पन्नाशी जवळ येईपर्यंत चंदनाबाईंनी त्यांचे घर सांभाळले, गाळल्यावाचून पाणी घेतले नाही, सूर्यास्तानंतर घास तोंडात घातला नाही. पाठशाळेतले धडे जिभेवर तसेच राहिले होते. ते ऐकून घेणारे कोणी नव्हते, एवढेच.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस, लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात, कोंबड्यांच्या डालग्याशेजारी त्यांना एक पांढरा ससा दिसला. विकणारा गिऱ्हाइकाला त्याच्या मांसाची चव समजावून सांगत होता. चंदनाबाईंनी घासाघीस न करता ससा उचलला आणि पिशवीतली मेथी एका बाजूला सारून त्याला घरी आणले. जैन मठात त्यांच्या जीवदयेचे कौतुक झाले. “जीव वाचला, आता रानात सोडून द्या,” असे सांगून मंडळी आपापल्या घरी जेवायला गेली. बाजारात वाढलेला ससा उचगावच्या माळावर सोडणे म्हणजे कुत्र्यांपुढे ताट वाढणे, याचा विचार करायला कुणी थांबले नाही.

ससा घरीच राहिला. त्याचे नाव धवल पडले. सोफ्याखालून शिवणयंत्रामागे, तिथून देवघराच्या उंबऱ्यापर्यंत तो हिंडू लागला. एके दिवशी त्याने टेलिफोनची तार कुरतडली आणि दुसऱ्याच दिवशी बापूसो उद्यमनगरातून पिंजरा करून घेऊन आले.

“ह्यात ऱ्हाऊ दे त्येला. फोन बंद पडलाय सगळा. ससा हाय का घूस?”

“तारा वर ठोकून घ्या. ससा न्हाय कोंडायचा.”

“अगं, पिंजरा म्हंजे त्येचं घरच की!”

“मग तुम्ही आत बसून दावा की घटकाभर.”

सून भाग्यश्री पदरात तोंड लपवून हसली. चंदनाबाईंनी मात्र बोटांवर मोजत पाठशाळेतला धडा म्हटला. अहिंसेच्या व्रताला पाच दोष लागतात: जीवाला बांधून कोंडून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, झेपणार नाही इतके ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे.

“पहिलाच दोष हाय ह्यो,” त्या म्हणाल्या. “खाटकाच्या हातातनं सोडवायचा आणि घरात कैद करायचा, ही कसली दया?”

पिंजरा गच्चीवर गेला. बापूसोंनी पुटपुटत, खिळे तोंडात धरून, साऱ्या तारा सशाच्या उडीपेक्षा वर ठोकल्या. भांडी घासायला येणारी बनाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बाई, ह्यो ससा हाय का जावई?” पण मेथीच्या काड्या आणि कोथिंबिरीचे देठ ती त्याच्यापुढे न सांगता टाकू लागली.

असे बरे चालले असताना भाद्रपदात जैनांचे दसलक्षण पर्व आले. त्या दहा दिवसांत, पाल्यातही जीव असतो म्हणून, मगदुमांच्या घरी हिरवा पाला शिजत नसे आणि चिरलाही जात नसे. चंदनाबाईंनी मनाशी विचार केला, की ज्या घरात जीव राहतो त्या घराचा नेम त्यालाही लागू. मुका प्राणी, त्याच्याही पदरी थोडे पुण्य पडेल. धवलपुढे भिजवलेली हरभऱ्याची डाळ, चुरमुरे आणि भाकरी येऊ लागली. सुरुवातीला तो आवडीने खाई. मग त्याने खाणे सोडले. पर्व निम्मे सरले नाही तोच तो कपाटामागे अंग आखडून बसला आणि दात करकर वाजवू लागला.

जनावरांच्या दवाखान्यात म्हशींची रांग होती. डॉक्टरांनी टोपलीत डोकावून पाहिले. “ह्येचा रस्सा करत्यात लोक. इलाज कोण करतंय?” रडवेल्या होऊन दारात आलेल्या बाईशी शिकल्यासवरल्या माणसाने असे बोलावे, याची आपल्याकडे कुणाला लाज वाटत नाही. तरी त्यांनी सशाचे पोट चाचपले, हेही खरे.

“खायला काय घालताय?”

“डाळ. चुरमुरे. भाकरी.”

“आणि हिरवं?”

“दसलक्षण हाय न्हवं. घरात हिरवं चालत न्हाय.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “नेम तुमचा का सशाचा? पोट बंद पडलंय त्येचं. गवत खाल्लं आणि सकाळपातुर लेंड्या पडल्या, तर वाचला म्हणायचा.”

रिक्षात चंदनाबाईंनी तोच धडा पुन्हा बोटांवर मोजला. पाच दोषांपैकी पहिला टाळण्यासाठी त्या घराशी भांडल्या होत्या. पाचवा, अन्न तोडण्याचा, त्यांनी स्वतःच्या हाताने केला होता, आणि तोही पुण्य समजून.

घरी बापूसोंनी तोड काढली. “बनाबाई आणंल की कापून. तिला कुठलं दसलक्षण? आपल्याला दोष न्हाय.” बनाबाई विळा घेऊन निघालीच होती.

“थांब गं,” चंदनाबाई म्हणाल्या. “चूक माझी, आणि पाप हिच्या माथी व्हय? माझ्या हातानं उपाशी ऱ्हायलाय त्यो. माझ्याच हातानं खाईल.”

त्या खाली उतरल्या. कुंपणाच्या भिंतीकडेला हरळी माजली होती. ओठांत णमोकार मंत्र चालू ठेवून त्यांनी ती मुठीमुठीने उपटली. मंदिराकडे निघालेल्या दोघी शेजारणी थबकल्या.

“चंदनाक्का, दसलक्षणात हिरवं तोडताय?”

“व्हय, तोडत्ये. नीट बघून घ्या, म्हंजे मठात सांगताना चुकायचं न्हाय.”

धवल तोंड उघडेना. चंदनाबाई त्याच्याजवळ फरशीवर बसून राहिल्या. एकेक काडी त्याच्या ओठाशी धरीत, ओघळली की पुन्हा धरीत. त्यांचे स्वतःचे पर्वातले एकवेळचे जेवण त्या दिवशी राहूनच गेले, कारण तोवर सूर्य मावळला होता. दिवा लागल्यावर सशाचे नाक हलले. एक काडी आत गेली.

सकाळी बापूसो विजेरी घेऊन पलंगाखाली पालथे पडलेले भाग्यश्रीला दिसले.

“मामा, काय हुडकताय?”

“पडल्यात! अगं, पडल्यात की लेंड्या! तुझ्या सासूला बोलव!”

चंदनाबाई आल्या, वाकल्या आणि त्या चार काळ्या गोळ्यांकडे पाहत राहिल्या. मग पायऱ्या उतरल्या. पर्वाचे दिवस अजून उरले होते आणि भिंतीकडची हरळी संपली होती. त्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटकडे वळल्या.