गाडीने केलेला फोन

निवृत्त होऊन काही वर्षे झाली, पण आमच्या हिंदी मुलखातल्या पाटन रस्त्यावरची ती दुपार माझ्या आठवणीतून गेलेली नाही. त्या भागातल्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. जेवणाचा डबा उघडला होता, तेवढ्यात कंट्रोल रूमचा निरोप आला की एका कारने स्वतःहून मदत मागितली आहे.

अशा गाड्या तेव्हा आमच्याकडे नव्या होत्या. जोराची धडक बसून एअरबॅग उघडली की गाडी आपोआप कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावते आणि आपण कुठे आहोत तेही कळवते. केंद्रातल्या मुलीने गाडीतल्या स्पीकरवरून विचारले तेव्हा गाडीतला पुरुष म्हणाला होता, "सब ठीक है मैडम, गलती से लग गया।" मुलीला ते पटले नाही, कारण एअरबॅग काही चुकून उघडत नाही. तिने पोलिसांना कळवले आणि निरोपात एक ओळ जोडली: मागे एका बाईचा आवाज आहे, भाषा समजली नाही.

सांगितलेल्या जागी आमची गाडी लवकरच पोचली. हवालदाराने फोनवर सांगितले की कार बाभळीला धडकली आहे, आत कोणी नाही, परत येतो. मी विचारले, "मग ती बाई कुठे आहे? आसपास शोधा."

नाल्यालगतच्या बेशरमच्या झुडपात स्कूटी सापडली आणि पलीकडे ती चालवणारी बाई. जवळच्या गावातली अंगणवाडी कार्यकर्ती होती. बेशुद्ध होती, पण श्वास चालू होता. डॉक्टर नंतर म्हणाले की आणखी तासभर ती तिथे राहिली असती तर हाती लागली नसती.

संध्याकाळी शहरातल्या गढा वस्तीत राहणारा एक ड्रायव्हर स्वतःहून ठाण्यात हजर झाला. गाडी सिव्हिल लाइन्समधल्या एका ठेकेदाराची होती आणि हा त्याच्याकडे नोकरीला. "मैं ही चला रहा था साहब," एवढेच तो सांगत होता. गुन्हा असा चालत ठाण्यात आला की मला बरे वाटत नाही. मी त्याला चहा दिला आणि हात बघितले. एअरबॅग उघडली की मनगटावर, हनुवटीवर बहुतेक वेळा खरचटते. याच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. मग मी सहज विचारले की धडकेनंतर गाडी काय बोलली. "गाड़ी?" त्याने मलाच विचारले. गाडी बोलते हे त्याच्या कानावर कोणी घातलेच नव्हते. तरी जबाब त्याने बदलला नाही.

रीतसर पत्र पाठवून मी फोनचे रेकॉर्डिंग मागवले. तोवर आम्ही धरून चाललो होतो की मागचा आवाज त्या जखमी बाईचा असेल. ते ऐकले आणि चूक कळली. माझे घर मराठी, वडील इथल्या कारखान्यात नोकरीला होते. केंद्रातल्या मुलीला न समजलेली भाषा माझ्या घरातली होती.

"अहो, ती हलून राहिली. जिवंत आहे ती."

"तू काहून पाहून राहिली? चल," पुरुषाने तिला दटावले.

ड्रायव्हरला मराठी येत नव्हती. ठेकेदाराचे घर मात्र मराठी होते.

महिला उपनिरीक्षकाला घेऊन मी त्यांच्या बंगल्यावर गेलो. ठेकेदाराने आदराने बसवले, गाव विचारले, आपण एकाच भागातले निघालो म्हणाला. मी रेकॉर्डिंग लावले. ते संपल्यावर तो शांतपणे म्हणाला, हा आवाज माझा नाही.

दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने पदर सावरला. "माझा आहे," ती म्हणाली. "मी एकदा बोलले साहेब. मग मीही चालायला लागले."

नंतर तिने सगळे सांगितले. गाडी नवराच चालवत होता. पुढच्या वळणावरून दोघे ऑटोने घरी आले होते. ड्रायव्हरच्या मुलीला ऑफिसात लावून देतो, असा शब्द देऊन त्याला पाठवले होते. तिच्या जबाबानंतर ड्रायव्हरही खरे बोलला आणि खोट्या जबाबाबद्दल त्यालाही उत्तर द्यावे लागले. आवाजाचे नमुने जुळले. ठेकेदाराला शिक्षा झाली.

अंगणवाडीची ती बाई वाचली. मी दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा तिने विचारले, "फोन किसने किया था, साहब?" मी म्हणालो, गाडीने. ती म्हणाली, "और जो गाड़ी में थे?"

नवी गाडी घेताना ओळखीचे लोक विचारतात की ही आपोआप फोनची सोय खरेच कामाची आहे का. मी म्हणतो, जरूर घ्या. आणि केंद्रातून कोणी विचारले की सगळे ठीक आहेत का, तर उत्तर देण्याआधी दार उघडून बाहेर बघा.