मार्लिस आणि जळलेला दगड

मार्लिस ह्रिंचकनं अर्धं आयुष्य शाळेची बस चालवली आणि चाळिशी उलटल्यावर युनिव्हर्सिटीत जाऊन बसली. माणसं खेळतात ती मनात काय धरून, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं, त्याचा अर्थ लावायचा, हे तिचं काम. आकडेवाले प्राध्यापक नाकं मुरडत. मुरडोत! तिचा नियम पक्का होता: लिहिलेलं आधी त्या माणसाला वाचून दाखवायचं. तो नको म्हणाला तर फाडायचं. लोकांच्या मनावर परस्पर शिक्का मारणं म्हणजे तिच्या लेखी चोरीच.

कॅनडातल्या सस्कॅचेवानमधल्या तिच्याच गावच्या हॉलमध्ये कर्लिंग खेळतात: जड दगड बर्फावरून सरकवून वर्तुळाच्या मधोमध थांबवायचा, आणि सोबत्यांनी त्याच्यापुढचा बर्फ झाडूनं घासत त्याला वाट करून द्यायची. तिथं पंच नसतो. बर्फावरून सरकणाऱ्या दगडाला तुमचा झाडू लागला की दगड ‘जळला’, म्हणजे बाद, आणि ते तुम्हीच ओरडून सांगायचं. का सांगतात? प्रबंधातलं हे सगळं प्रकरण तिनं म्हाताऱ्या खेळाडू ओरेस्ट डॅनिलुकच्या बोलण्यावर उभं केलं होतं. तिनं त्याला वाचून दाखवलं, “गाव लहान, तोंडं मोठी. बदनामीच्या भीतीनं माणूस कबुली देतो.”

ओरेस्टनं कप आपटला. “म्हणजे मी भित्रा?”

“तसं नाही हो, काका…”

“माझा एक शब्द छापायचा नाही!”

प्रकरण बुडालं. मार्लिसही तापली. “मग खरं काय ते सांगा ना!”

“सांगून कळणार आहे होय? गुरुवारी आमच्यात एक गडी कमी आहे. ये, झाडू धर.”

गुरुवारी शेवटचा दगड ओरेस्टचा. मार्लिस दगडापुढे जीव तोडून बर्फ घासत होती, तेवढ्यात झाडूचं टोक दगडाला निसटतं लागलं. कुणी पाहिलं नाही. दगड नेमका वर्तुळाच्या मधोमध थांबला, हॉल दणाणला.

“जळला!” मार्लिस ओरडली. “माझा झाडू लागला!”

सामना गेला. रिवाजाप्रमाणे जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांना बिअर पाजली.

“काय गं, घाबरलीस?” ओरेस्टनं विचारलं.

“छे! गाव आठवलंच नाही. तो दगड आपला वाटेना, बस्स.”

“हां. आता लिही.”

“भीतीचं वाक्य खोडते.”

“अगं, खोडतेस कशाला? हा वॉल्टर बायकोच्या धाकानंच कबुली देतो. फक्त तिथं माझं नाव नको.”

“मला ऐकू येतंय हं, ओरेस्ट!” टेबलापलीकडे बसलेला वॉल्टर गुरगुरला.

मार्लिसनं खुर्ची त्याच्याकडे ओढली. “बोला वॉल्टरकाका, खरं काय?”